मराठवाड्यात उन्हाळ्यात झऱ्याच्या पाण्यात पोहायचंय? बेत असा आखा

पारा चाळिशीच्या पुढं गेला की फोनवर सौताड्याच्या नि कपिलधारच्या धबधब्यांचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि पोरं मागं लागतात. ते व्हिडिओ पावसाळ्यातले असतात. मे महिन्यात पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला गेलात तर खोल दरी दिसेल, रामेश्वराचं देऊळ दिसेल, पण कड्यावरून कोसळणारं पाणी दिसायचं नाही. नळदुर्गच्या नर-मादी धबधब्यांचंही तेच. बोरी नदी भरून वाहिली तरच ते चालू होतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे धबधबा डोक्यातून काढायचा आणि झरा शोधायचा.

झरा कुठं असतो

आपल्याकडचा खडक थराथरांचा. वरचा मुरूम आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक पावसाचं पाणी पितो, खालचा घट्ट काळा पाषाण ते अडवतो. अडलेलं पाणी उतार धरून सरकत राहतं आणि कपार सापडेल तिथं बाहेर येतं. बालाघाटात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत अशा जागा गावोगावच्या गुराख्यांना तोंडपाठ असतात. हे पाणी जमिनीखालून येत असल्यानं त्याला उन्हाचा ताव लागत नाही. बाहेर त्रेचाळीस अंश असतानाही ते अंगाला गार लागतं, ते यामुळंच.

पण खरं सांगायचं तर मराठवाड्यातला झऱ्यावरचा डोह म्हणजे शेतातली विहीर. इथल्या बहुतेकांनी पोहणं शिकलं ते विहिरीतच, कमरेला भोपळा नाहीतर पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. उमाळा (तळातून फुटणारा झरा) चांगला असलेली, काठापासून पाण्यापर्यंत पायऱ्या असलेली आणि ओळखीच्या माणसाच्या शेतातली विहीर मिळाली, तर दुसरीकडं कुठंही जाऊ नका. माझी पसंती तिलाच.

कुठं जायचं, कुठं नुसतं बघायचं

किनवट तालुक्यातलं उनकेश्वर गरम पाण्याच्या झऱ्यांचं. त्वचेचे आजार बरे होतात या श्रद्धेनं लोक तिथं अंघोळीला येतात. मात्र मे महिन्यात गरम पाण्यात कोण उतरणार? तिकडं थंडीत जावं. सहस्रकुंडला पैनगंगा आहे, झरा नाही. तिथल्या खडकांत पाय घसरला की सावरायला जागा नसते, म्हणून काठावरूनच बघा. गौताळा अभयारण्यात सीता न्हाणी, धवलतीर्थ अशी ठिकाणं आहेत, पण जंगलातलं उन्हाळ्यातलं पाणी जनावरांचं. वनखात्याची परवानगी घेऊन फिरा, पाण्यात उतरू नका.

वेरूळचं शिवालय तीर्थ, बीडची खजाना विहीर, परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या आणि वालूरच्या बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) या बघायच्या जागा. वालूरच्या गावकऱ्यांनी गाळ उपसून आपल्या बारवा मोकळ्या केल्या आहेत. तिथं उडी मारून रील काढणाऱ्याला गावानं हाकललं तर गावाची बाजू बरोबरच म्हणायची.

आधी फोन करा

निघायच्या चार दिवस आधी गावातल्या कुणाशी तरी बोला. पाहुणा असेल तर उत्तम, नाहीतर सरपंच, पोलीस पाटील किंवा फाट्यावरचा चहावाला. पहिला प्रश्न पाणी किती आहे हा नसावा. ‘गावात टँकर सुरू आहे का?’ हे विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर बेत तिथंच सोडा. ज्या गावात बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या आहेत, तिथल्या झऱ्यात जाऊन डुंबणं बरं दिसत नाही, आणि गाव ते खपवूनही घेणार नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी पोहायचं नावच काढू नये.

टँकर नसेल तर पुढचे प्रश्न. पाणी पिण्याचं आहे की फक्त रानाचं? किती परस, म्हणजे किती पुरुषभर, खोल आहे? पायऱ्या धड आहेत का? आणि शेतकऱ्याला हमखास विचारायचं ते हे : या आठवड्यात लाईट दिवसाची आहे की रात्रीची? शेतीची थ्री फेज वीज बऱ्याच ठिकाणी पाळीनं येते. रात्रपाळी असेल तर रात्रभर मोटर चालून सकाळी विहीर तळाला गेलेली असते. दिवसपाळी असेल तर रात्रीत उमाळ्यांनी विहीर भरते आणि सकाळी सगळ्यात जास्त पाणी तुमच्या वाट्याला येतं. म्हणजे पोहायचा मुहूर्त पंचांगात नाही, वीज मंडळाच्या वेळापत्रकात बघायचा.

महिना म्हणाल तर होळीपासून गुढीपाडव्याच्या पुढं पंधरवडाभर हा काळ सोन्यासारखा. पाणी असतं, ऊनही सोसवतं. मे अखेरीस वळवाची भीती. आपल्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस झाला की ओढ्यातला डोह बघता बघता गढूळ होऊन चढतो. पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पाला वाहून यायला लागला की वस्तू गोळा करत बसू नका, आधी माणसं वर काढा. वीज कडाडली तरी तेच.

काय न्यायचं

जाड कासरा, तोही विहिरीच्या तळापर्यंत पोचेल असा. पोहता न येणाऱ्या प्रत्येकासाठी लाईफ जॅकेट. ते नसेल तर घट्ट झाकणाचा रिकामा डबा. पायात घसरणार नाहीत अशा चपला. प्यायचं पाणी घरून. खाण्याला दशम्या, धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, कांदा. धपाटी उन्हात टिकतात. पन्हं थर्मासमध्ये. साबण, शाम्पू घरीच ठेवा. हे कडक वाटेल, पण शाम्पू विहिरीच्या पाण्यात उतरतो आणि तेच पाणी संध्याकाळी गुरं पितात.

अत्तर नि सेंट लावून जाऊ नका. कड्याकपारीत आग्यामोहळं असतात आणि उन्हाळ्यात मधमाश्या पाण्यावर येतातच. त्यांना वासाचा आणि धुराचा राग. चूल पेटवायची हौस असेल तर ती शेतात, झऱ्यापासून लांब.

पाण्यात उतरण्याआधी

सकाळी सातला पोचा, अकराच्या आत बाहेर या. पोचल्यावर लगेच कपडे काढू नका. जरा काठावर बसून पाणी न्याहाळा. चांगला उमाळा असला की उथळ कडेला, तळाच्या वाळूत एखादा रुपयाएवढा गोल दिसतो. त्यात वाळूचे कण सारखे वर उसळतात आणि पुन्हा खाली बसतात. तिथं हात ठेवला तर बोटांना गार धार लागते. हे दिसलं म्हणजे पाणी जिवंत आहे. याउलट पाणी कोमट असेल, वर हिरवी साय असेल, कुबट वास येत असेल, तर फार तर पाय बुडवा. साचलेलं पाणी नाका-तोंडात जाऊ देऊ नका.

विहिरीत कडेनं सरकणारी दिवड दिसली तर घाबरू नका, ती बिनविषारी. पायऱ्यांच्या सांदीत मात्र न बघता हात घालू नका.

मोटरीबद्दल मालकाशी स्वतः बोला. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. फ्यूज काढून एका शहाण्या माणसानं खिशात ठेवायचे. पाण्यात सोडलेल्या केबलला जोड असेल तर पाण्यात विजेचा धक्का बसू शकतो.

खोली कासऱ्याला दगड बांधून मोजा. ओढ्याच्या डोहात पाच-सहा ठिकाणी मोजा. आपल्या खडकात गुडघ्याएवढ्या पाण्याशेजारीच पाण्यानं कोरलेला खोल रांजणखळगा निघतो. तळ कळत नाही तोवर सूर आणि मुटका बंद. तापलेलं अंग घेऊन धाडकन पडू नका. आधी पाय, मग मान-डोकं ओलं करा, मग उतरा. एक पोहणारा माणूस सतत काठावर, फोन बाजूला ठेवून. दारू प्यालेला माणूस काठाच्याही जवळ नको.

शेततळ्यात कुणीही उतरू नये, पट्टीच्या पोहणाऱ्यानंही नाही. प्लॅस्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, वर येता येत नाही.

कुणी गटांगळ्या खायला लागला तर त्याच्यामागं उडी टाकू नका. कासरा, डबा, काठी, साडी, जे हाताशी असेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं हे सगळं चूक. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्या, छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा.

निघताना माणसं मोजा. सगळे वर आलेत याची खात्री झाल्यावरच फ्यूज मालकाच्या हातात द्या, आणि लाईट येण्याच्या आत द्या. त्याचा ऊस नाहीतर भुईमूग तुमच्यामुळं पाण्यावाचून राहिला, तर पुढच्या उन्हाळ्यात तो तुमचा फोन उचलणार नाही.