दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ आणि आयर्नचे थेंब: या चुका टाळा

माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ४०० ग्रॅम. महिनाभर काचेच्या पेटीत आणि नंतर माझ्या छातीशी कांगारू पद्धतीनं राहून घरी आली तेव्हा १ किलो ८०० ग्रॅमची होती. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, आयर्नचे थेंब रोज ०.४ मिली. ते कार्ड मी फ्रिजवर चिकटवलं आणि एकही दिवस न चुकवता ०.४ मिली देत राहिले. साडेतीन महिन्यांनी तिचं वजन ४ किलो ८०० ग्रॅम भरलं आणि हिमोग्लोबिन निघालं ८.४. बाळ अडीचपटीहून मोठं झालं, डोस मात्र फ्रिजवर होता तिथेच राहिला. मधे लसीकरणाला दोनदा जाऊन आलो होतो. वजन नोंदलं गेलं, पण थेंबांबद्दल कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

बाळाला आईकडून मिळणारं बहुतांश लोह गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला ही शिदोरी साधारण चार ते सहा महिने पुरते. सातव्या-आठव्या महिन्यात आलेलं बाळ ती अर्धवट घेऊन येतं. त्यात ते झपाट्यानं वाढतं आणि दवाखान्यात तपासण्यांसाठी त्याचं रक्तही काढलं जातं. लोह लागतं ते फक्त रक्ताला नाही, या वयात वाढणाऱ्या मेंदूलाही लागतं. म्हणून ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला साधारण दुसऱ्या आठवड्यापासून महिन्याभराच्या आत आयर्न सुरू करतात आणि बहुतेकदा वर्षाचं होईपर्यंत तरी चालू ठेवतात. बाळाला रक्त चढवलेलं असेल तर डॉक्टर मुद्दाम उशिरा सुरू करतात, कारण चढवलेल्या रक्तातूनही लोह मिळतं.

वजन वाढलं, थेंब तेवढेच

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते. नेहमीचा डोस दर किलो वजनामागे रोज २ मिलिग्रॅम असतो, फार कमी वजनाच्या बाळांना ३ किंवा ४ पर्यंतही देतात. नेमका आकडा बाळाचे डॉक्टर ठरवतात. पण हिशोब आपल्याला कळायला हवा. १.८ किलोला दोनच्या दरानं ३.६ मिलिग्रॅम होतात, ४.८ किलोला ९.६. आमच्या बाटलीत १ मिलीला १० मिलिग्रॅम होतं, म्हणजे तिला जवळपास १ मिली हवं होतं आणि मिळत होतं ०.४.

आता बाटली हातात घ्या आणि लेबल उजेडात वाचा. औषधाच्या क्षाराचं वजन वेगळं आणि त्यातलं प्रत्यक्ष लोह, म्हणजे ‘एलिमेंटल आयर्न’, वेगळं. धरायचा तो दुसरा आकडा. कंपनी बदलली की हा आकडा बदलतो: कुठे मिलीला १० मिलिग्रॅम, कुठे २०, कुठे त्याहून जास्त. मेडिकलवाल्यानं ‘हे घ्या, सेमच आहे’ म्हणत दुसरी बाटली दिली आणि आपण मिली तेवढेच ठेवले, तर डोस दुप्पट होऊ शकतो. आणि ‘थेंब’ मोजून देऊ नका. ड्रॉपरच्या टोकाप्रमाणे थेंब लहान-मोठा पडतो. सुईशिवायची १ मिलीची सिरिंज घ्या, तिच्यावरच्या रेघा स्पष्ट असतात.

अंगणवाडी किंवा आशाताईंकडून मिळणारं सिरपही याच गोंधळात सापडतं. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातलं ते सिरप सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, आठवड्यातून दोनदा १ मिली असं असतं आणि त्या १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह असतं. आपल्या बाळाचे रोजचे थेंब बंद करून ते सुरू करू नका, आणि दोन्ही एकदम तर मुळीच देऊ नका. आशाताईंना डिस्चार्ज कार्ड दाखवा, त्या समजून घेतात.

‘बाळ तर गुटगुटीत आहे’

पस्तिसाव्या आठवड्यात झालेलं, सव्वादोन किलोचं बाळ दोन-तीन दिवसांत आईबरोबर घरी येतं. पेटी नाही, नळी नाही, म्हणून ते अपुऱ्या दिवसांचं आहे हेच घरचे विसरतात आणि आयर्नचा विषय निघतच नाही. कार्डावर लिहिलेलं नसेल तर पहिल्याच तपासणीत आपण विचारायचं.

काळी शी पाहून औषध बंद करणं

आमच्याकडे सासूबाई दुपटं हातात घेऊन म्हणाल्या, ‘‘अवं, काळी शी करून राहिली पोरगी. उष्ण पडून राहिलं ते औषध, बंद कर आधी.’’ त्यांची काळजी खरी होती, पण आयर्नमुळे शी काळपट-हिरवी होतेच. ती डांबरासारखी चिकट असेल, लाल रक्त दिसत असेल, पोट फुगलं असेल किंवा उलटी हिरवी असेल, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा. दात येऊ लागले की थेंब गालाच्या आत मागे सोडा, नाहीतर दातांवर डाग पडतात. कॅल्शियमचं औषध चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. बाटलीभर दुधात औषध कालवू नका, दूध उरलं की औषधही उरतं.

आईनं बीट-खजूर खाल्ले की झालं, हा समज

आईच्या दुधाला तोड नाही. त्यातलं लोह बाळाच्या अंगी चांगलं लागतं, पण एका लिटरमध्ये ते अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असतं, आणि आईनं काहीही खाल्लं तरी फारसं वाढत नाही. खजूर आईनं स्वतःसाठी जरूर खावेत, बाळाला मात्र थेंबच लागतात. लोह कमी म्हणून अंगावरचं दूध तोडून गाईचं-बकरीचं सुरू करणं तर आगीतून फुफाट्यात. त्या दुधात लोह नगण्य असतं, असलेलंही नीट शोषलं जात नाही, आणि लहान बाळाच्या आतड्यातून नकळत रक्त झिरपू शकतं. वर्षाच्या आत ते नको. बाळगुटी आणि मधाचं बोटही नको. नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर गेला तरी फक्त दुधावर असलेल्या बाळाला पाणी लागत नाही, अंगावर जास्त वेळा घ्यायचं.

उष्टावण आणि वरणाचं पाणी

उष्टावणाचा मुहूर्त जन्मतारखेवरून काढू नका. माझी मुलगी आठ आठवडे आधी आली, तेव्हा तिचं वय मोजताना ते आठ आठवडे वजा करायचे, याला सुधारित वय म्हणतात. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांवर भारतातच झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुधारित चार महिने झाल्यावरच वरचं खाणं सुरू केल्यानं वाढीत फायदा दिसला नाही, उलट दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण वाढलं. आम्ही सुधारित सहा महिने होईपर्यंत थांबलो. मान धरते का, आधारानं बसते का, हेही डॉक्टरांनी पाहिलं.

मग वाटीत काय? वरणाचं पाणी आणि भाताची पेज यांनी पोट भरतं, पण त्यात ना लोह ना ताकद. गाळलेलं पाणी बाजूला ठेवून खालचं घट्ट वरण भातात कुस्करा, वर तूप घाला. चमचा तिरका केला तर घास ओघळता कामा नये. चालत असेल तर नीट शिजवून बारीक केलेली कलेजी किंवा मटण द्या, त्यातलं लोह सर्वात सहज लागतं. शाकाहारी घरात मसूर, मूग आणि मोड आणलेली नाचणी चालते, पण नुसत्या नाचणीवर भिस्त नको. सोबत लिंबाचे दोन थेंब किंवा आपल्या संत्र्याच्या फोडीचा साल-बी काढलेला गर द्या, त्यातल्या क जीवनसत्त्वानं डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. संत्र्याचा रस बाटलीतून नको. चहात बुडवलेलं बिस्किट तर अजिबात नको, चहा लोह अडवतो. आणि खाणं सुरू झालं म्हणून थेंब थांबवू नका.

आयर्न देऊनही रक्त वाढत नाही

आधी डोस तपासा. तो बरोबर असेल तर विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आईवडिलांकडून येणारे रक्ताचे आजार मनात आणायलाच हवेत. आपल्याकडे साधी सिकलिंग चाचणी पटकन होते, पण पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, म्हणून ‘निगेटिव्ह’वर विसंबता येत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी एचपीएलसी नावाची तपासणी लागते. रक्त चढवलेलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर निकाल फसवा येतो. स्वतःच्या मनानं डोस वाढवत बसू नका. पहिल्या एक-दोन महिन्यांत अशा बाळांचं हिमोग्लोबिन तसंही उतरतं आणि ती घसरण जास्त आयर्ननं थांबत नाही.

दिवसाच्या उजेडात बाळाचा तळवा आपल्या तळव्याशेजारी धरून बघा. तो पांढुरका वाटला, दूध ओढताना बाळ दमलं, कपाळावर घाम आला, वजन अडलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवू नका आणि मोठ्या भावंडाच्या हाती लागेल अशीही ठेवू नका. आईच्या आयर्नच्या एका सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, लहान मुलाला अशा काही गोळ्या जिवावर बेततात. मुलानं गोळ्या किंवा सिरप गिळल्याचा संशय आला तर उलट्या थांबून ते बरं दिसू लागलं तरी घरी थांबू नका. रिकामं पाकीट हातात घ्या आणि तसंच आपत्कालीन विभागात जा.