रीमॅप आधी की ड्रायव्हर आधी? माझे दीड लाख कुठे गेले

ट्रॅक डे म्हणजे काय, हेल्मेट कसलं लागतं, झेंडे कुठले, हे माहितीये असं धरून चालतो. हे त्यांच्यासाठी ज्यांचे एक-दोन ट्रॅक डे झालेत, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवून झालीये, आणि आता पॉवर वाढवायला गॅरेजवाल्याला फोन लावायला हात शिवशिवतोय. जरा थांबा.

माझी पोलो जीटी, 1.2 टीएसआय, कंपनीतून 105 पीएस. पुण्याहून हजारावर किलोमीटर चालवत चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली. 3.7 किलोमीटरचा ट्रॅक, 12 कॉर्नर. बेस्ट लॅप 2:24 आणि एका साध्या स्विफ्टवाल्याने मला आरामात मागे टाकलं. गाडीत दम नाही, असं मी त्याच रात्री ठरवून टाकलं. घरी आल्यावर रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग, म्हणजे मॅप, बदलून पॉवर वाढवणं), एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग्ज, सगळं मिळून दीड लाख. घरी 80 हजार सांगितले.

पुढच्या वेळी 2:20. चार सेकंद! मी तर हवेत.

आणि फसलो ते इथेच, म्हणून हे नीट वाचा. लॅप टाइम खाली आला की आपण शिकलो असंच वाटतं. मित्राने दोन्ही दिवसांचा जीपीएस डेटा लॅपटॉपवर एकावर एक ठेवला तर चारच्या चार सेकंद स्ट्रेटवरचे, सरळ पट्ट्यावरचे, म्हणजे रीमॅप करणाऱ्या ट्यूनरचे. कॉर्नरमध्ये मी उलट हळू झालो होतो. मेन स्ट्रेटच्या आधीच्या कॉर्नरला माझा कमीत कमी स्पीड आधी 71 होता तो 66 वर आलेला. का, तर 140 ऐवजी 150 ने ब्रेकिंगला पोचलो की दिसायला दहाच वाढतात, पण गाडीत जिरवायची एनर्जी साधारण 15 टक्के जास्त, कारण ती स्पीडच्या वर्गाने वाढते. मग पोटात गोळा येतो, माणूस लवकर आणि गरजेपेक्षा जास्त ब्रेक मारतो, कॉर्नर मेलेल्या स्पीडने घेतो आणि बाहेर पडताना पॉवरने भरून काढतो. पॉवरने चूक झाकली जाते, जात नाही. कॉर्नरमधून 5 ने हळू निघालात तर ते 5 अख्ख्या स्ट्रेटवर तुमच्या मागे लागतात. दर लॅपला, प्रत्येक कॉर्नरला.

नंतर इन्स्ट्रक्टर सरांना माझी गाडी दिली. तीच गाडी, तेच टायर, 2:13. मी बाजूला बसून घामाघूम, ते निवांत. त्यांची नजर कॉर्नरच्या पार पलीकडे, माझी बॉनेटसमोरच्या डांबरावर. पुढच्या चाकांनाच ब्रेक, वळणं आणि ओढणं सगळं करायचं असतं, त्यामुळे नाक बाहेर जायला लागलं की मी स्टिअरिंग अजून पिळायचो. टायरची पकड आधीच संपलेली असते, पिळून काय होणार. थोडा गॅस सोडायचा, स्टिअरिंग जरा मोकळं करायचं (एकदम सोडू नका हां, मागची बाजू पुढे येते).

खर्च करायचाच तर ब्रेक फ्लुइड आणि पॅड. फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट 4 ग्रेडचं फ्लुइड किमान 230 डिग्रीला उकळतं, पाणी मुरलेलं 155 लाही उकळू शकतं. पेडल स्पंजसारखं झालं तर फ्लुइड उकळलं, पेडल कडक पण गाडी थांबत नाही तर पॅड गेले. मला पहिलं झालं होतं आणि मी मोठ्या डिस्कचं कोटेशन मागवत बसलो होतो! टायर तापल्यावर प्रेशर वाढतं ते दर सेशननंतर बघा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. आणि रेसिंग, स्पीड टेस्टिंग नेहमीच्या इन्शुरन्समध्ये बसत नाही, ठोकली तर खिशातून. हे कुणी सांगत नाही.

पुढे रेसमध्ये उतरायचं असेल तर क्लासचे नियम आधी वाचा, मॉड केलेली गाडी सुपर स्टॉक या क्लासमधून बाहेर पडते आणि मग समोर इंडियन टूरिंग कार्स क्लासवाले, ज्यांच्या गाड्या खरंच रेससाठी बांधलेल्या असतात.

माझं वैयक्तिक मत, राग मानू नका: जो ट्यूनर तुम्ही किती दिवस चालवलंय हे न विचारता नवा मॅप टाकतो त्याला गुरू करू नका. फास्ट मित्रालाही नको, त्याला स्वतःला माहीत नसतं तो काय करतो. त्यापेक्षा कोल्हापूरला जाऊन कार्ट, म्हणजे ती छोटी उघडी रेसिंग गाडी, चालवा. त्यात सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं) नाही, चूक थेट कंबरेत कळते. सिम्युलेटरने लाइन, म्हणजे कॉर्नर कुठून घ्यायचा ते, पाठ होते, भीती नाही जात.

स्लो असाल तर लाजू नका, मला सहा सेशन झाल्यावर नजर वर ठेवायला जमली, तीही सरांनी बाजूला बसून ओरडल्यावर.

तिसऱ्या वेळी मुद्दाम कंपनीचा मूळ मॅप परत टाकून गेलो. 2:18, आणि त्याच कॉर्नरला 75. एक्झॉस्ट माळ्यावर पडलाय. घरी अजून 80 च माहितीये.