लिव्हर-अ‍ॅक्शन शिकारी रायफलसाठी पीप साइट कशी निवडावी

लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलवर, म्हणजे ट्रिगरभोवतीचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या रायफलवर, कारखान्यातून येणारी मागची साइट (नेम धरण्याचे साधन) बहुधा नळीच्या मध्यावर बसवलेली, खाचेची असते. तिच्याने नेम धरताना खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरची उभी खूण) आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरील गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट पाहाव्या लागतात, आणि पंचेचाळिशीनंतर बहुतेकांना ते जमेनासे होते. पीप साइटमध्ये खाचेऐवजी गोल छिद्राची कडी असते, आणि ही मागची कडी डोळ्याजवळ असल्याने ती धूसरच दिसते आणि धूसरच दिसली पाहिजे. नजर माशीवर ठेवली की डोळा आपोआप छिद्राच्या मध्याशी जुळतो. शिवाय मागची साइट नळीवरून रिसीव्हरवर (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या धातूच्या भागावर) आल्यामुळे दोन्ही साइटमधील अंतर वाढते आणि नेमातील चूक कमी होते.

निवड करताना सर्वप्रथम आपल्या रायफलची रचना पाहावी. जुन्या विंचेस्टर ९४ मध्ये रिकामी पुंगळी वरच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून तिला रिसीव्हरच्या डाव्या बाजूला स्क्रूने बसणारी साइट योग्य ठरते. मार्लिन ३३६ चा रिसीव्हर वरून बंद व सपाट असून पुंगळी बाजूने निघते. त्यामुळे वरच्या तयार छिद्रांमध्ये बसणारी बुटकी पीप साइटही तिला चालते. काही जुन्या रायफलींना अशी छिद्रे मुळीच नसतात. अशी रायफल जुनी आणि मोलाची असेल, तर तिला नवी छिद्रे पाडण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण ती छिद्रे पुन्हा बुजवून मूळ रूप परत आणता येत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे रिसीव्हरच्या मागे, दस्त्याच्या सुरुवातीला असलेल्या लोखंडी पट्टीवर उभी राहणारी टँग साइट. दोन्ही साइटमधील सर्वाधिक अंतर तिच्यात मिळते आणि कागदी लक्ष्यावर ती उत्तम काम देते. शिकारीसाठी मात्र मी तिची शिफारस करणार नाही. अंगठा दस्त्यावरून पलीकडे नेण्याच्या सवयीला ती आडवी येते, काही नव्या रायफलींवर त्याच जागी सेफ्टीचे बटण असते, आणि .४५-७० सारख्या जोरदार धक्क्याच्या काडतुसाबरोबर डोळ्याच्या इतक्या जवळ लोखंड असणे धोक्याचे आहे.

छिद्राच्या आकाराबाबत सर्वाधिक चुका होतात. दुकानाच्या उजेडात लहान छिद्रातून माशी रेखीव दिसते आणि ग्राहक तेच घेतो. पण जनावर बाहेर पडते ते पहाटे आणि संध्याकाळी, आणि त्या वेळी एक-सव्वा मिलिमीटरच्या छिद्रातून जंगलाऐवजी काळोखच दिसतो. शिकारीसाठी साधारण तीन ते पाच मिलिमीटरचे छिद्र आणि पातळ कडा असलेली कडी घ्यावी. एवढ्या मोठ्या छिद्राने नेम बिघडेल ही भीती अनाठायी आहे, कारण डोळा मध्य शोधतोच. शक्य असेल तर आट्यांनी बसणारी, बदलता येणारी चकती असलेली साइट निवडावी, म्हणजे दिवसा सरावासाठी लहान चकती लावता येते आणि अंधुक उजेडात ती काढून नुसत्या मोठ्या कडीतून नेम धरता येतो.

साइटची उंची योग्य आहे की नाही हे तपासायचे असेल, तर आधी लिव्हर उघडून चेंबर (नळीतील काडतुसाची जागा) आणि नळीखालचे मॅगझिन दोन्ही रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी. मग सुरक्षित दिशेला तोंड करून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि डोळे उघडावेत. माशी कडीच्या मध्याजवळ दिसली तर साइट आपल्या अंगाला जुळते. माशी दिसण्यासाठी गाल उचलावा लागत असेल तर साइट उंच आहे.

रिसीव्हरवरील साइट मूळच्या साइटपेक्षा बहुधा उंच बसते आणि गोळी वर लागू लागते. तेव्हा पीप साइटबरोबर उंच माशीचा खर्चही धरूनच चालावे. हिशेब सोपा आहे: गोळी जेवढी वर लागते ते अंतर दोन साइटमधील अंतराने गुणावे आणि लक्ष्यापर्यंतच्या अंतराने भागावे. साइट तळाला नेऊनही १०० मीटरवर गोळी १५ सेंटीमीटर वर लागत असेल आणि साइटमधील अंतर ६० सेंटीमीटर असेल, तर माशी ०.९ मिलिमीटरने उंच हवी.

समायोजनाची बटणे मोठी व बाहेर आलेली असू नयेत. लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल रिसीव्हरपाशी धरूनच चालतात, आणि अशी बटणे हाताला, पट्ट्याला, झुडपाला अडकून नकळत फिरतात. स्क्रूड्रायव्हरने फिरणारी आणि वेगळ्या स्क्रूने घट्ट होणारी यंत्रणा शिकारीत अधिक विश्वासाची. नेम जुळल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची बारीक रेघ ओढावी, म्हणजे स्क्रू सरकला तर लगेच दिसते. जुनी मागची साइट काढून टाकावी किंवा दुमडून आडवी ठेवावी, आणि ती काढल्यास नळीवरील मोकळी खाच पट्टी बसवून बंद करावी.