धामणीची अंडी सापडली तर कशी जपायची

एप्रिल-मे मधी जुनी भिंत पाडताना नाहीतर कडब्याची गंज हलवताना पांढरी लांबट अंडी निघतात, कवच कातड्यासारखं मऊ, आणि आपल्याकडं लगेच कोणीतरी खोरं उचलतं. थांबा. आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईन नंबरला फोन लावा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं देशी साप काय, त्याची अंडी पण आपल्या मर्जीनं घरात ठेवता येत नाहीत. जागेवर राहू देता आली तर सगळ्यात चांगलं, पण जागाच मोडली आणि वनविभागानं सांगितलं तरच पुढचं करा.

उचलायच्या आधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारा. अंडं घातल्यावर एक-दोन दिवसात आतला जीव कवचाला चिकटतो, मग उलटं केलं की मरू शकतो, म्हणून फुली शेवटपर्यंत वरच पाहिजे. अंडी एकमेकाला चिकटलेली असली तर सोडवू नका, आहे तसा पुंजका ठेवा.

झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, बाजूला दोन-चार बारीक भोकं पाडा. नर्सरीत कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट मिळते, ती भिजवून घट्ट पिळायची, मुठीत दाबल्यावर फार तर एखादा थेंब गळावा. त्यात अंडी अर्धी रुतवा. झाकणाला घाम येतो तो पुसत जा, पाणी अंड्यावर टपकलं की बुरशी धरते.

आता खरी गोष्ट, गरमी. बाहेरच्या देशातले लोक हीटर लावायला सांगतात, आपल्याकडं उलटं आहे. डब्यात २८ ते ३१ डिग्री पाहिजे आणि मे मधी परभणीत ४२ च्या वर जातं. पहिल्या वेळी मी डबा पत्र्याच्या खोलीत ठेवला, दुपारी आत ३८ झालेलं, आठवड्यात नऊच्या नऊ अंडी पिवळी पडून वास सुटला, अजून जीवाला लागतं ते. आता माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घराच्या, मधल्या खोलीत ठेवतो, डबा थर्माकोलच्या पेटीत आणि बाजूला माठातल्या पाण्याच्या दोन बाटल्या, लाईट गेली तरी फरक पडत नाही. थर्मामीटर मात्र आतच पाहिजे, अंदाजानं नको.

आठवड्यातून एकदा न उचलता बाजूनं मोबाईलचा टॉर्च लावून बघा, लाल शिरा दिसल्या की जीव आहे. अंडं चेपायलं तर कोकोपीटवर कडेनं थोडं पाणी सोडा, शेवटी शेवटी चेपलं तर घाबरू नका, ते तसंच असतं.

साधारण दोन महिन्यांनी, मृग-आर्द्राच्या सुमारास, कवचाला ब्लेड मारल्यासारखी चीर दिसते आणि नाकाचं टोक बाहेर येतं. पिल्लू तसंच दिवस-दोन दिवस आत बसतं, बलक ओढून घेत असतं. बाहेर ओढू नका, लई जण इथंच चुकतात. आणि धामणच आहे म्हणून हात घालू नका, अंड्यावरून खात्री होत नाही, नागाचं निघालं तर पहिल्या दिवसापासून विषारी असतं. हाताळायला सर्पमित्रच बोलवा. सगळी निघाली की वनविभागासोबत, अंडी सापडली त्याच शिवारात, बांधाच्या गवतात संध्याकाळी डबा आडवा करा आणि मागं सरका.