ढगात शिरल्यावर विमान सांभाळताना

सोलापूर पर्जन्यछायेत असले, तरी इथे ढगांची उणीव नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ढगांतील बीजपेरणीचे विमानप्रयोग याच परिसरात केले. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून उडणाऱ्या नवशिक्या वैमानिकाने पुढील गोष्टी जमिनीवर असतानाच पक्क्या कराव्यात.

वळण सुरू होताना आतल्या कानातील नलिकांमधला द्रव मागे राहतो, म्हणून वळण जाणवते. पण ते एकसारखे चालू राहिल्यास साधारण १० ते २० सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि कललेले विमान सरळ चालल्यासारखे वाटते. मग पंख समतल केले की उलट बाजूला कलल्याचा भास होतो. अनुभवी वैमानिकालाही हा भास चुकत नाही, त्यामुळे तो घालवण्याच्या खटपटीत पडू नये.

ढगात शिरताच नजर कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर आणून पंख समतल ठेवावेत, ऑटोपायलट असल्यास लावावा आणि मान झटकन वळवू नये. उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसल्यास सेकंदाला ३ अंश या वेगाने १८० अंशांचे वळण घ्यावे, म्हणजे मिनिटभरात विमान आलेल्या दिशेला वळते. नियंत्रण कक्षाला त्यानंतर कळवावे. उंची घटत आणि वेग वाढत असेल, तर नाक वर ओढण्याचा मोह आवरावा, कारण कललेल्या विमानात त्याने वळण आणखी आवळते. आधी इंजिनाची शक्ती कमी करावी, पंख समतल करावेत आणि मगच नाक हळूहळू उचलावे.

‘उपकरणांवर विश्वास ठेवा’ हा धडा मात्र, माझ्या मते, अर्धाच शिकवला जातो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईजवळ समुद्रात कोसळून २१३ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही.

म्हणून क्षितिज कल दाखवत असेल, तर वळणदर्शक आणि होकायंत्र त्याला दुजोरा देतात का, हे पाहावे. अनेक जुन्या प्रशिक्षण विमानांत कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक (होकायंत्राहून वेगळे, दिशा दाखवणारे उपकरण) दोन्ही एकाच निर्वात पंपावर चालतात, त्यामुळे पंप बंद पडल्यास त्या दोघांचे एकमत निरुपयोगी ठरते, तर विजेवर चालणारा वळणदर्शक शाबूत राहतो. खोटे ठरलेले उपकरण कागदाने झाकून टाकावे, कारण ते डोळ्यांसमोर राहिले की हात त्याचेच ऐकतो.