मिंग-चिंग काळातल्या चीनमध्ये साहेब कसं व्हायचं

पहिलं म्हणजे पाठांतर. कन्फ्युशियन परंपरेतले चार ग्रंथ नि पाच अभिजात ग्रंथ लहानपणीच तोंडपाठ पाहिजेत, आणि घरी थोडी जमीन असली तर बरं, कारण मास्तर फुकट शिकवत नाही. जिल्ह्याच्या पातळीवरच्या परीक्षा पास झालात की नोकरी नाही मिळत, पण वेठबिगार माफ आणि गावात मान.

खरी कसोटी प्रांताची, साधारण दर ३ वर्षांनी. एकेकाला अरुंद कोठडी, त्यात दोन फळ्या, दिवसा एकीवर बसायचं दुसरीवर लिहायचं, रात्री त्याच जोडून आडवं व्हायचं, खाणंपिणं आपलं आपणच न्यायचं. चिठ्ठ्या नेऊ नका, अंगझडती होते (तरी लोक न्यायचेच म्हणा). अक्षर ओळखून वशिला लावायचं डोक्यातून काढा, नाव झाकतात आणि कारकून अख्खा पेपर लाल शाईने उतरवतात, परीक्षकाच्या हाती तीच नक्कल. निबंध आठ भागांचा, साच्याबाहेर गेलात की गेलात.

मग राजधानी बीजिंगमधली परीक्षा, मग राजवाड्यातली, की झालात जिन्शी, म्हणजे सगळ्यात वरच्या पदवीचे मानकरी. वरचे नंबर हानलिन अकादमीत (बादशहाच्या पदरच्या विद्वानांची संस्था), बाकी बरेच जण जिल्ह्याचे साहेब. स्वतःच्या प्रांतात पोस्टिंग नाही, त्यामुळे तिथली बोली कळत नाही आणि स्थानिक कारकून बरोबर गुंडाळतात, म्हणून पदरचे पैसे घालून एखादा मुरलेला सल्लागार ठेवाच. आईवडील वारले तर खुर्ची सोडून २७ महिने घरी. आणि सगळं १९०५ च्या आधी उरका, त्या वर्षी परीक्षाच बंद केल्या.