भर उन्हातला भयपट: ‘क्येन प्वेदे मातार आ उन निन्यो?’ कसा पाहावा

हा चित्रपट रात्री लावू नका. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की लावा. नार्सिसो इबान्येझ सेर्राडोर या दिग्दर्शकाने १९७६ साली केलेला हा स्पॅनिश भयपट जवळजवळ सगळा उन्हात घडतो. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंती, ओस गल्ल्या, डोक्यावर सूर्य. रात्री पाहणारा माणूस अंधाराची वाट बघत बसतो आणि समोर जे चाललंय ते त्याच्या हातून निसटतं.

गोष्ट एवढीच माहीत असू द्या: टॉम आणि एव्हलिन हे इंग्रज जोडपं सुट्टीवर आलंय. ती गरोदर आहे. किनाऱ्यावरच्या गावात जत्रेची गर्दी आहे, म्हणून दोघं होडी घेऊन आल्मान्सोरा नावाच्या बेटावर जातात. तिथे फक्त मुलं दिसतात. याहून जास्त आधी वाचू नका, ट्रेलर तर मुळीच पाहू नका.

आता प्रत कुठली घ्यायची. अमेरिकेत हा ‘आयलंड ऑफ द डॅम्ड’ नावाने, कापून दाखवला गेला. पूर्ण चित्रपट पावणेदोन तासांहून मोठा आहे. हातातली प्रत बरीच आखूड असेल तर ठेवून द्या. भाषेचंही बघा. जोडपं इंग्रजीत आणि बेटावरचे लोक स्पॅनिशमध्ये बोलतात, ती प्रत निवडा. टॉमला स्पॅनिश येतं, एव्हलिनला येत नाही, त्यामुळे तिला काय सांगायचं आणि काय लपवायचं हे तो ठरवतो. सगळेच स्पॅनिश बोलू लागले की हा ताण नाहीसा होतो.

टीव्हीचं ‘व्हिव्हिड’ बंद करून ‘सिनेमा’ मोड लावा. नाहीतर होसे लुईस आल्काइने यांनी टिपलेल्या त्या पांढऱ्या भिंती नुसत्या भगभगीत दिसतात. पुढे प्रसिद्ध स्पॅनिश दिग्दर्शक आल्मोदोव्हारचे चित्रपट टिपणारे छायाचित्रकार ते हेच. आवाज मात्र वाढवा. वाल्डो दे लोस रिओस यांच्या संगीतातलं मुलांचं गुणगुणणं अगदी हलकं आहे.

सर्वांत अवघड भाग सुरुवातीलाच आहे. पहिली काही मिनिटं खरी वृत्तचित्रं आहेत: ऑशविट्झ, कोरिया, व्हिएतनाम, नायजेरियातलं बियाफ्रा, आणि १९७१ चा भारत-पाकिस्तान संघर्ष. उपाशी, जखमी, मेलेली मुलं. काहीजण हा भाग न बघताच पुढे ढकलतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ढकलू नका. मुलं अशी का वागतात याचं उत्तर बेटावर कुणीही देत नाही. जे काही आहे ते याच मिनिटांत आहे. पण घरात कुणी गरोदर असेल, नुकतं बाळंतपण झालं असेल किंवा मूल गमावलेलं कुणी असेल, तर त्यांना सोबत बसवू नका. मुलांना तर नाहीच.

मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे माझी नजर मुलांच्या हालचालींकडे जाते. तुम्हीही तिकडे बघा. इथली मुलं डोळे वटारत नाहीत, पांढरीफटक दिसत नाहीत. मधल्या सुट्टीत पोरं असतात तशीच आहेत: घोळक्याने, कानाशी कुजबुजत, मोठं माणूस जवळ आलं की एकदम गप्प. धक्क्यावर गळ टाकून बसलेला मुलगा टॉमला आपल्या टोपलीत डोकावू देत नाही. वर्गात खिशातली चिंचगोळी लपवणारं पोर अगदी असंच हात ठेवतं. एक मुलगी एव्हलिनच्या पोटाला हात लावते, तेव्हा एव्हलिन कौतुकाने हसते. अशा प्रत्येक वेळी मोठ्यांचा चेहरा बघा. समोर मूल आहे म्हटल्यावर ती माणसं सावध व्हायचं विसरतात, आणि चित्रपटाचं नाव नेमकं तेच विचारतं: लहान मुलाला कोण मारू शकेल?

पहिला अर्धा तास संथ आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. गावातल्या दुकानात टॉम कॅमेऱ्याचा रोल घेतो, तिथे टीव्हीवर बातम्या चालू असतात आणि दुकानदार मुलांबद्दल दोन वाक्यं बोलतो. ते लक्ष देऊन ऐका. बेटावर पोहोचल्यावर भट्टीत करपत राहिलेल्या कोंबड्या दिसतील. घाबरवणारा आवाज नाही, काही नाही, तरी माझ्या पोटात गोळा आला होता.

मध्यंतर घेऊ नका. चहा हवा तर आधीच थर्मासमध्ये भरून ठेवा. चित्रपट संपल्यावर लगेच चर्चेला बसण्यापेक्षा ते दुकानातलं दृश्य पुन्हा एकदा लावा. त्या दोन वाक्यांचा अर्थ आता वेगळा लागेल. आणि हा दिग्दर्शक आवडला, तर पुढच्या रविवारी त्याचा १९६९ चा ‘ला रेसिदेन्सिया’ बघा. तो फ्रान्समधल्या मुलींच्या वसतिशाळेत घडतो, तिथे अंधार भरपूर आहे. तो खुशाल रात्री लावा.